मारुती ८०० मिसिंग करतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, साताऱ्यात असते. पाऊस लागल्यापासून सकाळी चालू केली की थरथरते, दहा-पंधरा मिनिटांनी जरा सुधारते, पण यवतेश्वरचा घाट चढताना पुन्हा झटके मारते. तिन्ही प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेलाय, नवा टाका. टाकावा का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नको. कार्बोरेटर निर्दोष आहे असं इथे बसून छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात त्याच्याकडे बोट दाखवावं असं काही नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरात चौतीस वर्षं पेट्रोल गाड्यांचं काम करतोय, आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही हेच करायचो. गिऱ्हाईक "मिसिंग" (एखादं सिलिंडर मध्येच पेटत नाही) म्हणालं की माझा हात आधी कार्बोरेटरकडे जायचा. तो वरच असतो, उघडायला सोपा, आणि उघडला की आत कचरा हमखास सापडतो. पंचवीस वर्षांच्या कुठल्याही कार्बोरेटरमध्ये कचरा सापडतोच. कचरा सापडला म्हणजे चोर सापडला असं नव्हे.

तीन भावांची एक सामाईक विहीर असते. विहीर आटली तर तिघांचीही शेतं वाळतात. एकाचंच शेत वाळलं तर विहिरीत डोकावून काय उपयोग, त्याच्या पाटात बघायचं. तुमच्या इंजिनात कार्बोरेटर, पेट्रोल पंप, ठिणगीचं व्होल्टेज वाढवणारी इग्निशन कॉइल, कंडेन्सर, ठिणगी तिन्ही सिलिंडरना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा फिरता रोटर ही सगळी सामाईक विहीर. प्लग, प्लगची वायर (एचटी लीड), डिस्ट्रिब्युटर कॅपमधला त्या वायरचा टोक-बिंदू, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), रिंगा, हे ज्याच्या त्याच्या शेताचे पाट. म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडलंय" हा नाहीच. एकच सिलिंडर मरतंय की तिन्ही मिळून लंगडतायत, हे आधी ठरवायचं. हे पाच मिनिटांत कळतं, त्याला एक पैसा लागत नाही, आणि तरीही दहातले आठ मेकॅनिक हे करत नाहीत.

त्याच्याही आधी एक बारीकशी खात्री करा: हे मिसिंगच आहे ना? ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ते मुळातच थोडं हलतं. इंजिन माउंटिंगचं रबर बसलं की आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) स्टिअरिंग आणि दरवाजे इतके थरथरतात की माणसाला वाटतं सिलिंडर बंद पडलंय. बॉनेट उघडून गाडी आयडलिंगला ठेवा आणि मागे जाऊन सायलेन्सरचा आवाज ऐका. माउंटिंग गेलेलं असेल तर आवाज एकसारखा येतो, फक्त गाडी हलते. मिसिंग असेल तर ठेका चुकतो. लेझमीत एकाने पाऊल चुकवावं तसं: फट्-फट्-गप्, फट्-फट्-गप्. तीन सिलिंडरच्या गाडीचा हा एक फायदा आहे, एक गेलं की तिसरा हिस्सा ताकद जाते, लपून राहत नाही.

वहीचा एक कागद घेऊन सायलेन्सरच्या तोंडापासून इंचभर लांब धरा. चांगल्या इंजिनात कागद एकसारखा बाहेर ढकलला जातो. मिसिंग असेल तर मध्येच हिसका बसतो. आणि कागद अधूनमधून आत ओढला जात असेल, तोंडाला चिकटायला जात असेल, तर कान टवकारा, एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला असू शकतो. सायलेन्सर फुटका असेल तर मात्र ही परीक्षा फसते, तेवढं आधी बघून घ्या.

आता सिलिंडर शोधायचं. टायमिंग बेल्टच्या बाजूचं ते एक नंबर, मग दोन, मग तीन. जुने मिस्त्री चालू इंजिनावर प्लगची वायर उपटतात आणि शॉक बसला की शिवी हासडतात. तुम्ही तसं करू नका. शॉकचा प्रश्न आहेच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत मोकळ्या सोडलेल्या वायरमुळे कॉइल आणि इग्नायटरवर ताण येतो. माझी पद्धत सांगतो. तुम्ही काढलेले जुने प्लग टाकून दिले नसतील तर त्यातला एक घ्या. इंजिन बंद करा. एक नंबरची वायर काढून तिच्या टोकाला तो जुना प्लग लावा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकेल असा बांधा, पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब. गाडी चालू करा, अर्धा मिनिट ऐका, बंद करा. मग दोन नंबर, मग तीन. जे सिलिंडर चांगलं आहे त्याची वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडेल, बंदही पडेल. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही, ते आधीच मेलेलं आहे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते त्यात जाऊन जळतं. शर्टाची बाही, ओढणी, फॅनपासून सांभाळा.

ही चाचणी सकाळी, गाडी थरथरत असतानाच करायची. गॅरेजवाल्याकडे गाडी अकरा वाजता पोचते तोवर इंजिन गरम झालेलं असतं आणि दोष झोपलेला असतो. मग तो बिचारा अंदाजाने पार्ट सांगतो. चूक अर्धी त्याची, अर्धी वेळेची. रात्रभर गाडी त्याच्याकडे ठेवून सकाळी त्याच्यासमोर चालू करायला लावा.

समजा दोन नंबर मेलेलं निघालं. लगेच बाजारात जाऊ नका. दोनचा प्लग तीनला आणि तीनचा दोनला टाका. दोष प्लगबरोबर तीन नंबरला गेला तर प्लग खराब. नवा असला तरी! मी यात एकदा सपशेल फसलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या ८०० ला नवे प्लग टाकले, मिसिंग राहिलं. प्लग नवे म्हणून ते मी हिशेबातूनच काढून टाकले, आणि कार्बोरेटर किट, कॅप, रोटर, वायर असं सगळं बदलत गेलो. आठवड्यानंतर प्लग पुन्हा काढला तेव्हा पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी चीर दिसली. बसवताना माझाच पाना तिरका झाला होता. त्या डॉक्टरांकडून मी फक्त प्लगचे पैसे घेतले, पण ते पुन्हा काही आले नाहीत.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड वाचा. विटकरी-तपकिरी असेल तर सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक (थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी झडप) अडकलाय का बघा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. ऑइलने ओला, चिकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. तिघांतला एकच स्वच्छ धुतल्यासारखा दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. प्लगची गॅप या गाडीला साधारण ०.७ ते ०.८ मिमी असते, गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम मानायचा. डब्यातून काढलेला प्लग गॅप न बघता टाकायचा नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून आटे आधी हाताने लावायचे, पाना शेवटी.

प्लग बदलून दोष हलला नाही, तर वायरींची तशीच अदलाबदल. वायरीची लांबी पुरत नसेल तर मल्टिमीटरने तिन्हींचा रोध मोजा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण तिन्ही वायरींचा रोध लांबीच्या प्रमाणात आला पाहिजे. एक वायर इतरांच्या तिप्पट दाखवत असेल, किंवा हलवल्यावर काटा नाचत असेल, तर ती आतून तुटलेली आहे. अर्थात मीटर फक्त आतली तार तपासतं. वरचं रबर फुटलंय का, हे मीटरला कळत नाही. तुमचा पावसाळी दोष माझ्या मते तिथेच आहे.

कारण सांगतो. ठिणगी पाण्यासारखी असते, उतार मिळेल तिकडे धावते. प्लगच्या फटीतून उडी मारायला तिला हजारो व्होल्ट लागतात, आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितके जास्त लागतात. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, आत हवा थोडी, दाब कमी, ठिणगी सहज पडते. घाटात तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, सिलिंडर गच्च भरतं, दाब वाढतो. ठिणगीला प्लगची फट अवघड वाटायला लागते. तेव्हा जुन्या वायरीच्या रबराला बारीक चीर असेल तर ती तिथून इंजिनाच्या लोखंडावर उडी मारून मोकळी होते. त्यात पावसाची ओल असेल तर तिला आयताच रस्ता. म्हणून सकाळी थरथर, इंजिनाच्या उष्णतेने बॉनेटखालची ओल वाळली की आराम, आणि घाटात ताण आला की पुन्हा झटके. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या एका कारणात बसतात. कार्बोरेटरमध्ये बसवायला ओढाताण करावी लागते.

याची परीक्षा रात्री करायची, आणि ती बघण्यासारखी असते. गगनबावड्याचे एक शिक्षक दर जुलैत गाडी घेऊन यायचे. तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. कोल्हापुरात पोचेपर्यंत गाडी ठणठणीत, मी म्हणायचो "गुरुजी, काही नाही हो." तिसऱ्या वर्षी मी त्यांना म्हणालो, आज मुक्काम करा. रात्री नऊला गॅरेजचे दिवे घालवले, बॉनेट उघडलं, गाडी आयडलिंगला. काही नाही. मग इस्त्रीला पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि वायरींवर नुसतं धुकं उडवलं. कॅपपासून दोन नंबरच्या प्लगपर्यंत निळ्या मुंग्या धावायला लागल्या. चट्-चट् आवाज, आणि इंजिन लगेच लंगडं. गुरुजी म्हणाले, "तीन वर्षं मी हिच्याबरोबर फिरलो, आणि ही रात्री दिवाळी करते हे मला माहीतच नाही."

तुम्ही हेच करा. फवारा अगदी बारीक ठेवा, पाण्याची धार मारू नका. एकावेळी एकच भाग: आधी तिन्ही वायरी, मग कॉइलची मधली जाड वायर, शेवटी कॅप. ज्या जागी फवारल्यावर इंजिन लंगडलं, तिथे दोष. हात लांब ठेवा.

कॅप काढून उजेडात आतून बघायलाच हवी. आतल्या भिंतीवर दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती ठिणगीची पायवाट आहे. घासून जात नाही, गेली असं वाटलं तरी परत येते. कॅप बदला. मधला कार्बनचा छोटा गोळा झिजून गेलाय का, आणि वायर बसते त्या खोबणीत हिरवट-पांढरी बुरशी धरलीय का तेही बघा. बुरशी एकाच खोबणीत असेल तर तेच तुमचं मेलेलं सिलिंडर. आत नुसती ओल असेल तर सुक्या फडक्याने पुसून अर्धा तास उन्हात ठेवा, सातारच्या जुलैत ऊन नसेल तर गॅसच्या शेगडीपासून लांब, नुसत्या उबेला. कॅपखाली सीबी पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे छोटे संपर्क) असतील तर त्यांची गॅप ०.४ ते ०.५ मिमीमध्ये हवी. रोटरचा दांडा बोटाने आडवा हलवून पाहा. तो खडखड हलत असेल तर बुश गेलाय, आणि मग पॉइंट कितीही सेट करा, गॅप दर फेरीला बदलत राहणार.

प्लग, वायर, कॅप सगळं अदलून-बदलूनही तेच सिलिंडर मेलेलं राहिलं, तर मग इंजिनाच्या आत जायचं, आणि पहिली पायरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं. तिन्ही प्लग काढून, कॉइलची जोडणी काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग खोटं येतं, हे बघायला स्वतः उभे राहा. चांगल्या इंजिनात काटा (चौरस सेंटिमीटरला) १२-१३ किलोच्या आसपास जातो. पण मला आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा वाटतो. तिन्ही साडेदहा असतील तर इंजिन म्हातारं आहे, पण ठेका धरून चालेल. दोन तेरा आणि एक आठ असेल तर तिथेच मिसिंग. त्या कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. काटा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारची दोन कमी आली तर मधलं हेड गॅस्केट.

व्हॉल्व्हवर आलंच आहे तर टॅपेटबद्दल बोलायलाच हवं. लोकांना टॅपेटचा टिकटिक आवाज आवडत नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं, मिस्त्री टॅपेट कसून व्हॉल्व्हबरोबरची गॅप संपवतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. सहा महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही म्हणून जळतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकल्यावरच सोडतो, टेकायलाच मिळालं नाही तर जळणार नाही तर काय? थोडा आवाज करणारं टॅपेट मला कधीही चालेल. गाडीला मधल्या काळात एलपीजी किंवा सीएनजी किट लावलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं, गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजते आणि टॅपेटची गॅप आपोआप कमी होत जाते. किट अजून असेल तर एक फुकटची परीक्षा मिळाली समजा: गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल तर बहुतेक वेळा ठिणगी कमजोर आहे, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं.

आणि समजा सुरुवातीच्या चाचणीतच असं दिसलं की कुठलंही एक सिलिंडर मेलेलं नाही, तिन्हींच्या वायरी काढल्यावर सारखाच फरक पडतो. तेव्हा विहिरीत डोकवायचं. गाडी लंगडत असताना चोक अर्धा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळतेय. मग आधी हवेची गळती: कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमच्या नळ्या. पाव इंची रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक या जागांवरून फिरवा, गळती सुस्कारा टाकते. बरेचजण कार्ब क्लीनर फवारून शोधतात, गरम इंजिनावर ते पेट घेतं, साबणाचं पाणी बरं. गळती नसेल तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक). म्हणजे हो, तेव्हा कार्बोरेटर उघडायचा, आणि तेव्हाही साफ करायचा, किट टाकायचं. नवा बाजारातला कार्बोरेटर बहुतेक वेळा मूळच्या झिजलेल्यापेक्षा वाईट निघतो, हे माझं मत.

या गटात अलीकडे पेट्रोलही आलंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कॉम्प्युटरवाली गाडी सेन्सरवरून हे जुळवून घेते. तुमचा कार्बोरेटर १९९९ च्या पेट्रोलसाठी ठरवलेल्या भोकातूनच पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण थोडं पातळ होतं आणि थंड इंजिन थोडं अडखळतं. एकट्या त्याने घाटात झटके बसणार नाहीत. पण गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर वेगळी भीती: इथेनॉल ओल ओढतं, पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बोटाने दाबून बघा, मऊ पिठासारख्या लागत असतील तर आजच बदला, मिसिंग असो वा नसो.

थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मिसिंग, असा उलटा प्रकार असता तर मी कॉइल आणि कंडेन्सरचं नाव घेतलं असतं. जुन्या पद्मिनी टॅक्सीवाले इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेना म्हणून, तोही गरमीचाच आजार. तुमचा थंडीचा आणि ओलीचा आहे.

तेव्हा उद्या रात्री फवारा घेऊन उभे राहा. वायरी दोषी निघाल्या तर तिन्ही आणि कॉइलची, असा संच एकदम घ्या, कॅप आणि रोटरसकट. कार्बोरेटरच्या तुलनेत खर्च किरकोळ. जुन्या सगळ्या वायरी एकदम उपटू नका. एक काढा, तिच्याच जागी नवी लावा, टिक्क आवाज येईपर्यंत दाबा, मग दुसरी. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२ आहे. कॅपवर रोटर फिरतो त्या दिशेने खडूने किंवा व्हाइटनरने हे तीन आकडे लिहून ठेवा, आणि गाडी पुढच्या वेळी गॅरेजला जाईल तेव्हा ते पुसू नका म्हणून सांगा.